लोकरी मोजे आणि सरकारची भूमिका

गाडीतून उतरल्या उतरल्या लेलंड ऑस्ट्रँडरने आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं, "मी इथे आलो आहे, याचा अर्थ मी इथे आलो आहे असा धरला जाऊ नये."

"बरं," व्हर्ना म्हणाली. "मग न आलेल्या माणसाने बूट झटकून आत यावं. बर्फ सांडतोय."

व्हर्ना म्हणजे आमच्या ओल्ड वीअर गावच्या जमीन कचेरीची प्रमुख, आणि लेलंड म्हणजे व्हँकुव्हरहून आलेला सरकारी वकील. सरकारला आमच्या बगळ्याच्या ओढ्यावरून विजेची मोठी लाइन न्यायची होती. त्याच ओढ्यात सॅमन मासे अंडी घालायला येतात, आणि गाव त्यांच्यावर वर्ष काढतं. आमच्यासारख्या मूळच्या लोकांना विचारल्याशिवाय अशी लाइन टाकता येत नाही, असा कायदा आहे. विचारल्यासारखं तर दिसावं, पण काही कबूल केल्यासारखं दिसू नये, हे बघायला लेलंड असतो. सव्वीस वर्षं त्याने हेच केलं. त्याच्या सहीचं एकही वाक्य कुणाला त्याच्यासमोर नाचवता आलं नव्हतं. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि पाटी अशीच कोरी ठेवून घरी जावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

"सभा किती वाजता?" त्याने विचारलं.

"आज कसली सभा? एल्फ्रीडा आजीकडे जेवण आहे. तिच्या भावाला जाऊन वर्ष झालं. त्याचं नाव आज भाच्याला द्यायचंय. सगळं गाव हॉलमध्ये आहे."

"मग मी परत जातो."

"खिंड बंद केलीय मघाशीच. मोटेलवालापण हॉलमध्येच आहे. उपाशी बसायचं तर बसा गाडीत. मी आपली नोंद करून ठेवते, सरकारने जेवण नाकारलं म्हणून."

नोंद हा शब्द ऐकताच लेलंडने खिशातून फोन काढला. हॉलमागच्या मोठ्या फ्रीझरजवळ फोनला रेंज येते. तिथे उभं राहून त्याने आपल्या साहेबीणबाईंना, ग्रेटा थॉर्स्टनना फोन लावला.

"जेवा," ग्रेटाबाई म्हणाल्या. "नाहीतर अपमान केला म्हणून बोंब मारतील. पण जेवण म्हणजे चर्चा नव्हे, हे सांगून मग जेवा."

लेलंडने तसं सांगितलं. टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या मटणाचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. रस्सा फार चांगला झाला होता. लेलंडने दोनदा घेतला.

जेवणं झाल्यावर एल्फ्रीडा आजी उठली. एक्याऐंशी वर्षांची बाई, पण माईक लागत नाही. तिने भाच्याला पुढे बोलावून मामाचं नाव दिलं. मग त्या नावाबरोबर काय काय येतं ते सांगितलं. बगळ्याचा ओढा, वर फुटक्या खडकापासून खाली देवदारांच्या सपाटीपर्यंत, दोन्ही काठ, तिच्या आईच्या घराण्याचा. सव्वीस वर्षांची सवय. लेलंडने वही काढून सगळं उतरवून घेतलं. खडकाचं नाव नीट ऐकू आलं नाही, तर शेजाऱ्याला दोनदा विचारलं.

मग आहेर आले. आमच्याकडे आहेर यजमानच पाहुण्यांना करतात. घराण्यातल्या बायकांनी टेबलाटेबलावर फिरून लेलंडपुढेही निळा टॉवेल, राखाडी लोकरी मोजे आणि सॅमनची बरणी ठेवली.

"हे मला चालत नाही," लेलंड मोजे परत करत म्हणाला.

सगळ्या हॉलच्या माना वळल्या. व्हर्ना येऊन त्याच्या शेजारी वाकली.

"परत करताय? मग उभं राहून सांगा, काय चुकलं ते."

"कशात काय चुकलं?"

"आजीने हद्द सांगितली ना? आहेर ते ऐकल्याचा आहे. घेतलात, म्हणजे ऐकलं, पटलं, लक्षात ठेवीन. तुम्ही साक्षीदार झालात. परत केलात, म्हणजे हद्द चुकीची. मग बरोबर कुठली ती सांगा. सगळे थांबलेत."

"आणि मी काही ऐकलंच नाही म्हटलं तर?"

"वहीत लिहून घेतलंत की. खडकाचं नाव दोनदा विचारलंत."

लेलंड पुन्हा फ्रीझरजवळ गेला. ग्रेटाबाईंनी सगळं ऐकलं.

"घेऊ नका आणि परतही करू नका," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मोजे माझ्या हातात आहेत."

मग त्या म्हणाल्या, "घ्या तर मग. आणि भेटवस्तूंचा फॉर्म भरा. अगदी खरं खरं लिहा. सगळं उघड केलं की कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही."

सल्ला वकिली होता, म्हणून लेलंडला पटला. हॉलमध्येच बसून त्याने फॉर्म भरला. पेन व्हर्नाने दिलं. 'भेट कशाबद्दल मिळाली' या रकान्याशी तो बराच वेळ अडला. मैत्रीखातर लिहावं तर लाच वाटायची, काही कारण नाही लिहावं तर खोटं व्हायचं. शेवटी त्याने लिहिलं, 'बगळ्याचा ओढा फुटक्या खडकापासून देवदारांच्या सपाटीपर्यंत या घराण्याचा आहे, हे साक्षीदार म्हणून ऐकून मान्य केल्याबद्दल.' खाली आणखी एक रकाना होता, 'भेट परत केली नसल्यास कारण'. तिथे त्याने लिहिलं, 'परत केल्यास हद्द नाकारल्यासारखं झालं असतं. सरकारची तशी भूमिका नाही.' सही केली, तारीख घातली, आणि सकाळी खिंड उघडताच समाधानाने निघून गेला.

मे महिन्यात ऊर्जा आयोगापुढे सुनावणी लागली. सरकारने चार हजार पानं आणली होती. त्यांचा मथितार्थ एवढाच, की ओढा कुणाचा याची सरकारला कल्पना नाही. व्हर्नाने एकच पान आणलं होतं. सरकारच्याच वेबसाइटवर, भेटवस्तूंच्या यादीत, ते जानेवारीपासून सगळ्या जगाला दिसत होतं.

"चुकून भरला म्हणा," ग्रेटाबाई लेलंडच्या कानात पुटपुटल्या.

"म्हणजे सहीनिशी खोटी माहिती दिली. पेन्शन जाईल माझी."

"आणि बरोबर भरला म्हटलं तर?"

"ओढा जाईल."

ग्रेटाबाई चार हजार पानं उगाचच सारखी करू लागल्या.

आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, "मिस्टर ऑस्ट्रँडर, या फॉर्ममधली माहिती खरी आहे का?"

लेलंड उठला. 'या प्रश्नाचं उत्तर देतो आहे, याचा अर्थ' इथपर्यंत त्याच्या जिभेवर आलं होतं. समोर दुसऱ्या रांगेत एल्फ्रीडा आजी बसली होती. ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती, पायांकडे बघत होती. लेलंडने खाली पाहिलं. सकाळी अंधारात हाताला लागले ते घातले होते. राखाडी, लोकरी.

"खरी आहे," तो म्हणाला आणि बसला. सव्वीस वर्षांत एवढं आखूड तो कधी बोलला नव्हता.

लाइन अकरा किलोमीटर वर, खडीच्या जुन्या खाणीवरून गेली. ग्रेटाबाईंनी फतवा काढला, की यापुढे कुठल्याही गावात सरकारी वकिलाने जेवायचं नाही. तीन गावांनी अपमान झाल्याची तक्रार केली, आणि ऑगस्टात समजूत काढायला त्यांना स्वतःलाच तिन्हीकडे जेवावं लागलं. मोजे मिळाले की नाही, ते यादीत अजून आलेलं नाही.

त्या दिवशी सुनावणी संपल्यावर लेलंडने पायऱ्यांवर आजीला गाठलं होतं.

"आजी, खरं सांगा. मला तिथे मुद्दाम बसवलंत ना?"

"आल्या आल्या तूच म्हणालास म्हणे, मी आलो असं धरू नका. मग तुला धरायचं तरी काय? साक्षीदार धरला." आजीने पिशवीतून बरणी काढून त्याच्यापुढे केली.

लेलंड एक पायरी मागे सरला. "ही कशाची साक्ष?"

"कशाची नाही. मासा आहे तो. खा."

लेलंडने कोटाच्या खिशातून कोरा फॉर्म काढला. त्याच्याकडे जरा पाहिलं, पुन्हा घडी घालून खिशात ठेवला आणि घसा साफ केला.

"मी ही बरणी घेतो आहे, याचा अर्थ..."

आजी थांबली. व्हर्नाने पेनचं टोपण काढलं.

"याचा अर्थ घेतो आहे," लेलंड म्हणाला, आणि बरणी काखेत मारून पायऱ्या उतरून गेला.