ताईंची दोन मिनिटं अकरा सेकंद

नोंदसाहेबांच्या लग्नाच्या चार व्हिडिओ कॅसेटींमध्ये आपण कुठेच नाही, ही त्यांच्या थोरल्या बहिणीची तक्रार लग्नाइतकीच जुनी होती. म्हणजे तेहतीस वर्षांची. "पहाटेपासून पाय मोडेस्तोवर राबले मी, आणि कॅसेटमध्ये माझी सावलीसुद्धा नाही," हे वाक्य ताईंनी वाढदिवसांना ऐकवलं होतं, आजारपणात ऐकवलं होतं, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितल्यावरही ऐकवलं होतं.

तक्रारीला आधार होता. कॅसेटी पहिल्यांदा घरी लावल्या तेव्हा ताई स्वयंपाकघरात, बघणाऱ्या वीस जणांचा चहा करत होत्या. दुसऱ्यांदा लावल्या तेव्हा त्या वेळेवर येऊन पहिल्या खुर्चीत बसल्या, पण कोणीतरी "सुरुवातीची नावं काय बघायची," म्हणून दर कॅसेटीला टेप पुढे पळवली. तिसऱ्यांदा लावायच्या आधी प्लेअर बिघडला आणि कॅसेटी कपाटावर गेल्या.

आता ताई आणि भाऊजी कायमचे लेकीकडे राहायला चालले होते, विमानाने पोचायला अख्खा दिवस लागेल इतक्या दूर. रविवारी दुपारी ते निरोप घ्यायला येणार होते. विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते, तक्रारीच्या नसते. ताई ती बरोबर घेऊन जाणार, आणि पुन्हा भेट कधी होईल सांगता येत नाही, या विचाराने नोंदसाहेब खरोखरच अस्वस्थ झाले होते.

नोंदसाहेब हे त्यांचं कचेरीतलं नाव. जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. त्यांच्या हातून कधी अर्धवट भरलेला अर्ज पुढे गेला नाही. रिकामा रकाना त्यांना बघवत नसे. बाप आपल्या बाळाचं नाव अजून ठरलं नाही म्हणाला, तर ते त्याला बाकावर बसवून ठेवत आणि ठरवूनच उठू देत. गावात निदान चार माणसं अशी होती, की ज्यांची नावं घाईत ठेवल्यासारखी वाटत.

निवृत्तीनंतर त्यांनी एका दुरुस्तीवाल्याकडून जुना प्लेअर मागून आणला आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. हे काम टेपच्या चालीनेच होतं, तीन तासांच्या कॅसेटीला तीन तास. त्यामुळे नोंदसाहेबांनी आपलं लग्न पहिल्यांदाच सबंध पाहिलं. आणि पहिल्याच मिनिटाला ते खुर्चीतून उठले.

कारण ताई होत्या. फुलांच्या वेलीत वधूवरांची नावं येत, मग बासरीचं संगीत सुरू होई आणि त्या संगीतावर हॉलच्या दारात उभ्या ताई दिसत. येणाऱ्याजाणाऱ्याचं स्वागत करत होत्या, हसत होत्या, मध्येच कॅमेऱ्याकडे बघून बोलतही होत्या. व्हिडिओवाल्याला हा तुकडा इतका आवडला होता, की त्याने तो चारही कॅसेटींच्या सुरुवातीला जोडला होता. नोंदसाहेबांनी वहीत लिहिलं: ताई, दोन मिनिटं अकरा सेकंद, चार वेळा. नवरदेवाचं स्वतःचं एकट्याचं चित्रण यापेक्षा कमी भरलं.

"ताईंना फोन करून सांगा की," बायको म्हणाली.

"सांगून काय होतं? पुरावा समोर ठेवायचा. मोठ्या टीव्हीवर."

त्यासाठी त्यांनी टीव्हीखाली एक छोटा डबा बसवला आणि त्यात ते सॉफ्टवेअर घातलं, जे घरातले सगळे व्हिडिओ गोळा करून टीव्हीवर दुकानासारखे मांडून दाखवतं. शनिवारी संध्याकाळी सॉफ्टवेअरने त्यांच्यापुढे एक अर्ज ठेवला. चित्रपट की मालिका? चार भाग आहेत, तेव्हा मालिका. खाली बारा चौकोन होते: माहिती आपोआप शोधावी का, संवादांची अक्षरं खाली दाखवावीत का, वयाप्रमाणे कुलूप लावावं का, मालिकेची सुरुवात वगळावी का. कोणी दुसरा असता तर त्याने लागतील तेवढ्या चौकोनांत खूण केली असती. नोंदसाहेबांनी बाराच्या बारा भरले. शेवटी चारही भाग यादीत आलेत एवढं पाहून ते समाधानाने झोपले. सॉफ्टवेअर मात्र रात्रभर जागं राहून कामाला लागलं.

रविवारी ताई आल्या, पाठोपाठ भाऊजी. भाऊजींचे कान दहा वर्षांपूर्वी अधू झाले होते. कानाचं यंत्र ते बॅटरी वाचवायला खिशात ठेवत. त्यांचं त्यावाचून अडत नसे, कारण समोरच्याच्या ओठांवरून त्यांना सगळं समजे. ताईंचे तर त्यांना पाठ होते.

"बस इथं, मधे," नोंदसाहेब ताईंना म्हणाले. "आणि उठायचं नाही. चहा ही करेल."

"काय दाखवतोयस?"

"बघ तर खरं."

टीव्ही लागला. यादीत लग्नाच्या जागी एक काळं चित्र होतं. त्यात एक नवरी होती आणि तिच्या हातात रक्ताळलेली सुरी होती. सॉफ्टवेअरने जगभरातल्या मालिका धुंडाळून लग्नाची चार भागांची एक रहस्यमालिका शोधून काढली होती आणि ती हीच, अशी स्वतःची खात्री करून घेतली होती.

भाऊजींनी खालचा मजकूर मोठ्याने वाचला. "'एक लग्न, तीन प्रेतं. नवरदेव वरून दिसतो तितका साधा नाही.'" मग त्यांनी नोंदसाहेबांकडे नव्याने पाहिलं.

"चित्र चुकलंय," नोंदसाहेब म्हणाले. "आत बरोबर आहे."

पण आत जाता येईना. हा कार्यक्रम फक्त प्रौढांसाठी आहे, पिन टाका, अशी पाटी आली. पिन नोंदसाहेबांनीच ठेवला होता, लग्नाची तारीख. त्यांनी चार आकडे दाबले. पिन चुकीचा आहे. त्यांनी दुसरे चार दाबले. तोही चुकीचा. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या बायकोने तो टेबलावर ठेवला, त्यांच्या हातातून रिमोट घेतला, चार आकडे दाबले आणि रिमोट परत दिला. कुलूप उघडलं. रेकॉर्डच्या माणसाला आपल्याच घरची नोंद आठवू नये, हा विषय आता किती दिवस पुरणार, याचा अंदाज नोंदसाहेबांना तिच्या चेहऱ्यावरूनच आला.

भाग एक सुरू झाला. कोपऱ्यात 'सुरुवात वगळली' अशी अक्षरं चमकून गेली आणि पडद्यावर थेट पाहुण्यांनी भरलेला हॉल आला.

"कुठंय मी?" ताई म्हणाल्या.

"आत्ता होतीस. थांब, मागे घेतो."

त्यांनी मागे घेतलं. सॉफ्टवेअरने क्षणभर फुलांची वेल दाखवली आणि लगेच पुढे उडी मारली. हॉल. पुन्हा मागे, पुन्हा वेल, पुन्हा हॉल. चारही भागांत तोच तुकडा सापडल्याने सॉफ्टवेअरने तो मालिकेचं शीर्षकगीत समजून बाजूला काढला होता आणि आपण प्रेक्षकाचा वेळ वाचवतो आहोत अशी त्याची समजूत होती.

"काय वगळली म्हणतंय ते?"

"सुरुवात."

"आणि सुरुवातीला मीच आहे म्हणालास."

"हो."

"म्हणजे मला वगळली." ताईंनी पर्स मांडीवर घेतली. "तेव्हा माणसांनी वगळली, आता मशीननं. बरंय."

घाबरून नोंदसाहेबांनी भाग दोन लावला, मग तीन, मग चार. प्रत्येक वेळी कोपऱ्यात तीच अक्षरं आली. तोवर सॉफ्टवेअरने रहस्यमालिकेचे संवादही शोधून आणले होते. पडद्यावर नवरीच्या वडिलांनी जावयाला मिठी मारली आणि खाली उमटलं, 'सुरी कुठे लपवलीस?' जावयाने विनयाने मान हलवली. मग नवरीच्या मावशीने आहेराचा मोठा खोका पुढे केला. 'बाकीचा उद्या पोचेल.'

"कोण बाकीचा?" भाऊजी पुढे सरकून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना टीव्हीवरचं सगळं समजत होतं आणि ते अतिशय रंगले होते.

"माझी मावशी आहे ती," बायको म्हणाली. "त्यात डिनरसेट होता."

"तसंच सांगणार."

ताई उठल्या. "निघते मी. बांधाबांध राहिलीय. तू एवढी खटपट केलीस, पुष्कळ झालं. नशिबातच नाही तर तू तरी काय करणार?"

त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. पण त्या समजूतदारपणे बोलल्या आणि ते नोंदसाहेबांना सोसवेना. "दोन मिनिटं दे," ते म्हणाले. "दोन मिनिटं आणि अकरा सेकंद."

त्यांनी तो बारा चौकोनांचा अर्ज पुन्हा उघडला. संवादांपुढची खूण काढून टाकली. भाऊजींनी "अहो, खुनी कळायचाय," म्हणून हरकत घेतली. मग नोंदसाहेब 'मालिकेची सुरुवात वगळावी' या ओळीपाशी आले. ती खूण काढायची म्हणजे रकाना रिकामा राहणार. एकतीस वर्षांची सवय अंगठ्यात उतरली होती आणि अंगठा बटणावर नुसता टेकून राहिला.

"अहो, दाबा," बायको म्हणाली.

त्यांनी दाबलं आणि भाग एक पुन्हा लावला.

फुलांची वेल आली, नावं आली, बासरी सुरू झाली. आणि हॉलच्या दारात ताई आल्या. तिशीच्या, बारीक, केस नीट बांधलेल्या. एका म्हाताऱ्याला हात धरून पायरी चढवत होत्या, कोणाच्या तरी मुलाच्या बुटाची नाडी बांधत होत्या, हसत होत्या. पुढे कधी कोणी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

ताई उभ्याच राहिल्या. पर्स हळूच खुर्चीत ठेवली.

"किती काम करत होते मी," त्या म्हणाल्या. आवाज भरून आला होता. "बघ. आहे की मी."

"चार वेळा आहेस," नोंदसाहेब म्हणाले. त्यांचाही चष्मा धुरकट झाला होता.

पडद्यावरच्या ताई आता कॅमेऱ्याकडे वळून बोलू लागल्या. आवाज बासरीखाली दडपला होता. पण भाऊजींना आवाजाची गरज कधीच नव्हती. संवादांची अक्षरं गेल्यामुळे ते पडद्यावरचे ओठ वाचू लागले होते.

"'अहो व्हिडिओवाले,'" ते खणखणीत आवाजात म्हणाले, "'माझं काय काढताय? मला कोण बघणारे? आत जा, नवरानवरीचं काढा. आणि आज दिवसभर माझ्या वाटेला येऊ नका. एकदा सांगितलं, परत सांगणार नाही.'"

बासरी वाजत राहिली. बायको चहाच्या कपाचा कान निरखून बघू लागली. नोंदसाहेबांनी पुरावा मिळवला होता खरा, पण तो कोणत्या बाजूचा, हे त्यांना आत्ता कळलं.

"तुम्हाला नीट दिसलं का?" ताईंनी भाऊजींना विचारलं.

"स्वच्छ. बोट पण दाखवलंस त्याला."

ताई खुर्चीत बसल्या. गार झालेला चहा त्यांनी एका दमात संपवला. "भाग दोन लाव," त्या म्हणाल्या.

भाग दोन लागला. वेल, नावं, बासरी, दार. "'अहो व्हिडिओवाले,'" भाऊजींनी सुरुवात केली.

"ते मगाशी आपोआप वगळत होतं ना," ताई म्हणाल्या, "ते कर परत."

नोंदसाहेबांनी प्रयत्न केला. पण अर्ज पुन्हा उघडल्यावर सॉफ्टवेअरला वाटलं, आता आधी माहितीच नव्याने गोळा करावी. यंत्रणा तपासणी करत आहे, कृपया थांबा, अशी पाटी लागली आणि खूण करता येईना. भाग मात्र लागत होते, आणि भाऊजींनी रिमोट हातात घेऊन पुढचे दोन्ही एकेक करून लावले. तिसऱ्या वेळेला भाऊजींनी आवाजात चढउतार आणला. चौथ्या वेळेला बोटही दाखवलं. ताई चारही वेळा टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. वगळ, असं त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत.

निघताना भाऊजी दारात वाकून बूट घालत होते. त्यांची पाठ इकडे आहे हे ताईंनी एकदा वळून पाहून घेतलं. मग त्या भावाच्या अगदी जवळ आल्या.

"ती सुरुवात मला पाठवशील?" त्या म्हणाल्या. "सगळं लग्न नको. तेवढीच."

"पाठवतो. चार की एक?"

"एकच. आणि माझ्या फोनवर पाठव," ताई घाईने म्हणाल्या, कारण भाऊजींची दुसरी नाडी बांधून होत आली होती. "ह्यांच्या नको."