बारा बुधले आणि एक आरसा

उजेड जितका जास्त तितकी वाढ जास्त, एवढंच गणित मी केलं. (जाळी आणि दोर विकणाऱ्या माणसाला यापेक्षा अवघड गणित लागत नाही, मंडळी. शाळा मला चौथीतच पुरे झाली होती.)

इथं मोनास्तीरला माझा मेहुणा लस्साद माशांची पिल्लं वाढवतो. पिल्लांना खायला बारीक किडे लागतात आणि त्या किड्यांना समुद्राचं हिरवं शेवाळ. नेमकी त्याची शेवाळाची खोली बंद पडली, आणि गुरुवारी दोन लाख पिल्लं अंड्यांतून बाहेर यायची होती.

"दाजी, तुमची गच्ची मोठी आहे. शेवाळाचे बारा बुधले तेवढे सांभाळा. पिल्लं उपाशी मेली तर माझा हंगाम गेला."

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. (हो म्हणताना मला कधीच दम लागत नाही. नंतर लागतो.)

बुधल्यांतलं पाणी जेमतेम पोपटी होतं. बुधले मी ऑगस्टच्या भर उन्हात मांडले. तरी समाधान होईना, म्हणून बायकोचा, दलेंदाचा, लग्नातला आरसा उचलून मागे लावला. उजेड दुप्पट!

तेवढ्यात चार जावांना घेऊन ती वर आली, वर्षाचा कुसकुस, म्हणजे रव्याचे वळलेले दाणे, वाळवायला.

"अहो, हे काय मांडलंय? आणि माझा आरसा?"

"शेवाळ वाढतंय. हात लावू नकोस."

"मग कुसकुस काय तुमच्या डोक्यावर वाळवू?"

तिनं जागेसाठी सहा बुधले ओढून दोरीवरच्या ओल्या चादरींआड ढकलले.

"अगं, उजेडावाचून मरतील ते!"

"तान्ह्या पोराला कुणी उन्हात निजवतं का?"

चारही जावा हसल्या. मी खाली गेलो. (माघारीची एक रीत असते: जाताना हातात रिकामी बादली घ्यावी, म्हणजे कामाला निघाल्यासारखं दिसतं.)

तिसऱ्या दिवशी लस्सादचा फोन.

"दाजी, रंग कसाय?"

"उजळलाय."

"उजळलाय?"

"अरे, गोरापान झालाय!"

फोन बंद. दहाव्या मिनिटाला तो धापा टाकत गच्चीवर. माझे सहा बुधले म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. चादरींआडचे सहा मात्र गर्द हिरवे.

"पातळ शेवाळाला एवढं ऊन सोसत नाही, दाजी. दाट झालं की ते एकमेकांना सावली करतं, मग उजेड वाढवायचा. ताई, तुला हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ह्यांच्या उलट केलं. तीस वर्षं करतेय, अजून चुकलं नाही."

सहांचे बारा केले तरच पिल्लांना पुरणार होतं. पण वाटून घेतलं की पुन्हा पातळ, म्हणजे पुन्हा सावली हवी, आणि चादरी तर आता सगळ्या कुसकुसखाली अंथरायला हव्या होत्या. दलेंदानं मला आधी उभं न्याहाळलं, मग आडवं.

गुरुवारपर्यंत भर दुपारी मी बुधल्यांपुढे उभा होतो. खालून तिचा आवाज यायचा, "अहो, ऊन सरकलं! जरा डावीकडे!"

पिल्लं जगली. पुढच्या हंगामासाठी लस्साद पुन्हा दारात आला, तेव्हा मला वाटलं, सल्ला मागायला आला असेल. मी खुर्ची पुढे केली. तो बसलाही नाही.

"दाजी," तो काळजीनं म्हणाला, "मधल्या काळात बारीक नाही ना झालात?"