गच्चीवरची ओली पोती

"एसी? आपल्या घरात? नाव काढायचं नाय!" सुदर्शनराव गरजले. "वीज न जाळता घराचं थंडगार म्हैसमाळ करतो का नाय, बघच तू!"

सुलेखानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कपाळाला हात लावला. तिचे वडील तात्यासाहेब लासूर स्टेशनहून पहिल्यांदाच लेकीकडं राहायला येणार होते, तेही भर मे महिन्यात! ऊन लागलं की म्हाताऱ्याला भोवळ यायची. "अहो, निदान कूलर तरी आणा," ती शेवटी म्हणाली. पण चिकलठाण्याच्या कारखान्यातलं वीजबचतीचं शिबिर पुढच्या रांगेत बसून ऐकलेला माणूस कुणाचं ऐकतो का?

रविवारी त्यांनी अख्ख्या गच्चीला चुना फासला. गच्ची अशी लखलखली, की वर गेलेला माणूस डोळे मिटूनच खाली यायचा!

सोमवारी शेजारचे कमरोद्दीनभाई दारात हजर. डोळ्यांवर काळा चष्मा.

"सुदर्शनभाऊ, गच्ची थंड झाली, मुबारक! पण तुमचं सगळं ऊन आता आमच्या माडीवर यायलं. आमची बेगम अनवरी किचनमध्ये छत्री घेऊन रोट्या भाजायली!"

सुदर्शनराव ओशाळले. पण हार मानतील तर ते सुदर्शनराव कसले! मोंढ्यातून धान्याची रिकामी पोती आणली, चुन्यावर अंथरली आणि टाकीला पाइप लावून चिंब भिजवली. चमक गेली, कमरोद्दीनभाईंचा चष्मा उतरला, आणि काय नवल, दुपारी घर खरोखरच गार पडलं! सकाळीच आलेले तात्यासाहेब फरशीवर आडवे होऊन घोरायला लागले.

"जावईबापू, लई झ्याक डोकं चालवलं!" उठल्यावर ते म्हणाले.

सुदर्शनरावांची छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण ताणलं. "टाकी बघून पाणी मारा हं," सुलेखा म्हणाली. "नळ आता शुक्रवारीच येणार." पण कौतुक झालेल्या माणसाला असलं काही ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन आणखी तापलं. तात्यासाहेब आंघोळीला गेले, सुदर्शनराव पाइप घेऊन गच्चीवर. तेवढ्यात खालून हाक आली.

"जावईबापू! पाणी! पाणी!"

म्हाताऱ्याला अजून गारवा पाहिजे! सुदर्शनराव गहिवरले. "मारतो, मामा, मारतो!" म्हणत त्यांनी कॉक पूर्ण सोडला.

"अवो पाणीऽऽ!"

"हे घ्या!" त्यांनी कोपऱ्यातली पोतीसुद्धा न्हाऊ घातली. टाकीनं गुळगुळ असा घसा खाकरला आणि ती कोरडी पडली.

सुदर्शनराव खाली उतरले, तर न्हाणीघराच्या दारात तात्यासाहेब पंचा गुंडाळून उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत वाळलेला साबण! एक डोळा उघडत नव्हता.

"बाबा!" सुलेखा ओरडली. मग नवऱ्याकडं वळली. त्या नजरेनं चुनासुद्धा उकळला असता.

कमरोद्दीनभाईंनी दोन बादल्या आणून म्हाताऱ्याला मोकळं केलं. पण दुपारपर्यंत पोती वाळून कडक झाली, भिजायला थेंब उरला नाही आणि घर भट्टीसारखं पेटलं. चार वाजता तात्यासाहेबांना भोवळ आली. कमरोद्दीनभाई आणि सुदर्शनरावांनी त्यांना उचलून शेजारी नेलं, अनवरीभाभींनी कूलरपुढं निजवलं, कांदा हुंगवला. सुदर्शनराव त्यांचे पाय चोळत राहिले. जिवाचं पार पाणी झालं होतं, आणि घरात तेवढंच पाणी होतं!

सकाळी तात्यासाहेब हुशारले आणि लेकीला घेऊन गावाकडं निघाले. रिकाम्या घरात सुदर्शनराव घाम पुसत बसले. दोन दिवस फोनसुद्धा नाही. बायको आता परत येते की नाही, हाच घोर.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. सुलेखाच होती, आणि चक्क हसत होती.

"अहो, बाबांनी इथं पत्र्यावर तुमच्यासारखीच पोती टाकलीत! विहिरीला अजून पाणी आहे ना, दिवसभर शिंपतात. घर एवढं गार, की पहाटं पांघरूण लागतंय! आख्ख्या गल्लीला सांगत सुटलेत, आमच्या जावयाचं डोकं म्हणून!"

सुदर्शनरावांनी घामेजलेला फोन दुसऱ्या कानाला लावला. मग हळूच म्हणाले, "ऐक ना... तिथं एखादी जास्तीची गोधडी हाय का?"