हात धरण्यापुरता वेळ

गुरुशांत बिराजदार बिल द्यायला सगळ्यांच्या आधी हात पुढं करायचा, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यानं एकही बिल दिलं नव्हतं.

यात फसवाफसवी नव्हती. सोलापुरात चार माणसं चहाला बसली की उठताना झटापट व्हायचीच. एकानं खिशात हात घालायचा, दुसऱ्यानं त्याचं मनगट धरून “असं कसं, मी देतो की” म्हणायचं, आणि ज्याचं मनगट ढिलं पडेल तो हरायचा. गुरुशांतचं मनगट बरोबर वेळेवर ढिलं पडायचं. त्याची सगळी भिस्त पाकिटावर होती. मागच्या खिशात घट्ट बसलेलं जाडजूड पाकीट, त्याला चापाचं बटण, आत प्लास्टिकच्या कप्प्याला चिकटलेलं कार्ड. ते नखानं सोडवून, उजेडात धरून, सुलटी बाजू ठरवून काउंटरपर्यंत पोचेस्तोवर कुणीतरी हमखास त्याचा हात धरलेला असायचा. एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात तो हेडक्लार्क होता. बिराजदारअण्णा दिलदार माणूस, आपणच त्याला देऊ देत नाही, असं सगळा स्टाफ म्हणायचा.

अशा रीतीनं वाचलेल्या पैशांतून बायकोसाठी एसी येणार होता. घरातला कूलर आता वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त द्यायचा. “औंदा एसी आला न्हाय तर मी मे महिना होटगीला माहेरी काढणार,” असं शिवलीलानं सांगून ठेवलं होतं. होटगीत काही बर्फ पडत नव्हता, पण धमकी ती धमकी.

मग मुलगी पुण्याहून आली.

“पप्पा, काय हे पाकीट, कंबर दुखेल,” उत्कर्षा म्हणाली. “तुमचं कार्ड फोनमध्ये घालून देते. नुसता फोन मशीनला टेकवायचा.”

“आणि कार्ड?”

“कपाटात ठेवा.”

कार्ड कपाटात गेलं. फोनचा रुबाब गुरुशांतला आवडला. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतल्या इसूफबरोबर तो कॉलेजसमोरच्या हॉटेलात गेला. संगतीला दोन मास्तर होते. उठताना त्यानं सवयीनं हात पुढं केला आणि म्हणाला, “थांबा, मी दे—”

टिंग.

‘देतो’मधला ‘तो’ तोंडातच राहिला. इसूफचा हात मनगटाच्या वाटेवर अर्ध्यात होता. तो तसाच मागं घेऊन त्यानं मिशी पुसली.

“क्या अण्णा, माणसाला हात धरायला तरी टाइम द्यायचा की.”

मनातल्या एसीचा रिमोट गेला.

पुढच्या वेळी गुरुशांतनं फोन सावकाश काढला, चष्मा पुसला, फोन छातीशी धरून इसूफकडं आशेनं पाहिलं. वेटरला वाटलं, अण्णांना वाकायला त्रास होतोय. त्यानं मशीनच उचलून अण्णांच्या छातीला—

टिंग.

एसीचा पाइप गेला.

त्याच्या पुढच्या वेळी त्यानं मुद्दाम फोनची बॅटरी उतरवून नेली. इसूफनं खिशातून पॉवर बँक काढली. “अण्णा देणार म्हणल्यावर आमी तयारीनंच आलोय.” आता टेबलाला आणखी दोन खुर्च्या लागल्या होत्या. प्रयोगशाळेतली माणसंही—

टिंग. स्टॅबिलायझर.

तो घरी आला आणि कपाटातून कार्ड शोधू लागला. जुन्याची मुदत संपली होती. बँकेनं पाठवलेलं नवं कार्ड टपालाच्या लखोट्यातच पडून होतं, चकचकीत, कोपऱ्यात चार तिरक्या लाटा काढलेलं. त्या लाटा कशाच्या, ते त्याला हॉटेलात कळलं. तो कार्डाची सुलटी बाजू बघायला ते डोळ्यांपाशी नेत होता आणि मध्ये वाटेत मशीन—

टिंग. एसीचा बाहेर बसवायचा अख्खा डबा गेला.

कार्ड बरं की फोन बरा, हा प्रश्न आता उरला नव्हता. दोघांनाही घाई होती. हात पुढंच न करणं हा एक उपाय होता, आणि रात्री अंथरुणावर कूलरची घरघर ऐकत गुरुशांत रोज तो ठरवायचा. पण तो हात आता त्याच्या ऐकण्यात नव्हता. शिवाय हात मागं घेतला तर आजवर तो का पुढं होत होता, हे लोकांना कळलं असतं.

अशात उत्कर्षाचं लग्न जमलं. मुलगा मंद्रूपचा. त्याचे वडील ईश्वरप्पा, धान्याची अडत, मोठं खटलं. बोलणी झाली आणि दोन्हीकडची माणसं जेवायला एका हॉटेलात बसली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याचे वाडगे फिरू लागले. गुरुशांतला घास उतरेना.

“पप्पा, फोन टेकवताना घाबरू नका,” उत्कर्षा कानात म्हणाली. “एवढ्या बिलाला मशीन पिन मागतं.”

गुरुशांतनं मान वर केली. पिन मागतं म्हणजे थांबतं. थांबतं म्हणजे हात धरायला वेळ मिळतो. त्यानं आणखी एक भाकरी मागवली.

बिल आलं. दोघे व्याही एकदम उठले. ईश्वरप्पांनी मागच्या खिशात हात घातला. जाडजूड पाकीट. चापाचं बटण. ते बटण ईश्वरप्पांच्या नखाखाली घसरत होतं, पुन्हा घसरत होतं, किती सुंदर घसरत होतं. पैलवानानं पैलवानाला ओळखावं तसं त्यानं ओळखलं. पण त्याचा स्वतःचा फोनचा हात मशीनवर गेलेला होता.

टिंग झालं नाही. मशीननं पिन मागितला.

“पावणं,” गुरुशांत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पिन मागतंय.”

“मागू द्या की.” ईश्वरप्पांनी सभ्यपणानं पाठ केली. “दुसऱ्याच्या पिनकडं बघू न्हाय. ए, समद्यांनी तिकडं बघा रे.”

सगळे वळले. सदरे वळले, जरीचे पदर वळले, मॅनेजरही भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. गुरुशांतचं मनगट एवढ्या माणसांच्या मधोमध उघडं, मोकळं लटकत होतं आणि धरायला कुणी नव्हतं.

त्यानं मुद्दाम चुकीचे आकडे दाबले. मशीन कण्हलं.

“काय झालं, पावणं?” ईश्वरप्पा पाठमोरेच.

“आकडा आठवंना.”

“आठवा की निवांत. आमाला काय घाई न्हाय.”

सगळ्या हॉटेलात एकच माणूस वळला नव्हता. शिवलीला. एटीएमला जायची वेळ आली की तीच जायची. ती मदतीला धावली.

“अहो, आपल्या लग्नाचं साल की.”

पाठी तशाच राहिल्या, पण कान सगळे वळले.

“इसरलात व्हय?” तिनं विचारलं. या वेळी आवाज हळू होता आणि त्यात होटगीची वाट दिसत होती.

आता पुन्हा चुकीचं दाबावं तर संसार जातो. बरोबर दाबावं तर एसी. गुरुशांतनं आपल्या लग्नाचं साल एकेक आकडा करून दाबलं.

टिंग.

पावती बाहेर आली तशी ईश्वरप्पांनी गर्रकन वळून दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. “अहो पावणं, असं कसं? आमी देणार होतो की.” त्यांच्या पाकिटाचं बटण नेमकं त्याच क्षणी उघडलं.

परतताना रिक्षात शिवलीला खुशीत होती. उत्कर्षा पाहुण्यांबरोबर मागं थांबली होती.

“मला वाटलं साल इसरलात.”

“नाही.”

“सगळ्यांसमोर ध्यानात आलं, लई बरं वाटलं.” तिनं पदरानं वारा घेतला. “दिवस चांगला हाय. चला, आजच एसी बघून येऊ.”

गुरुशांत मनात जुळवू लागला, काय गेलं आणि काय राहिलं. एसीचा आता फक्त खोक्यातला थर्माकोल राहिला होता.

रिक्षा दुकानासमोर थांबली. काचेच्या दारातून गार वाऱ्याची एक झुळूक आली आणि आतला सेल्समन हसत दार धरून उभा राहिला. गुरुशांतनं रिक्षावाल्याच्या क्यूआर कोडच्या स्टिकरपुढं फोन धरला. “थांबा, मी दे—”

मनगट धरलं गेलं. घट्ट, बांगड्यांसकट.

“असू द्या,” शिवलीला म्हणाली. “मी देते.”

गुरुशांतचं मनगट आपोआप ढिलं पडलं. फोनात कार्ड गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी वेळेवर त्याचा हात धरला होता. भाडं चाळीस रुपये झालं होतं.