येऊ द्या, अजून येऊ द्या

एका जंगलात, मुलांनो, कुणीच कुणाला एकटं सोडत नसे. अशा त्या प्रेमळ जंगलात कुमुदताई नावाची एक नीलगाय राहत होती.

कुमुदताईंचा कळप मोठा होता. दीर होते, जावा होत्या, भाचरं होती, आणि नेमके कुणाचे कोण हे ठाऊक नसलेले पाहुणे होते. या सगळ्यांचा चहा कुमुदताई करत. सगळ्यांना देऊन झाला की स्वतःचा कप उचलत. तेवढ्यात कुणीतरी हाक मारी. परत येईपर्यंत चहावर साय धरलेली असे. जन्मभर त्यांनी गार चहाच प्यायला.

तुम्ही विचाराल, नीलगाय कप कसा धरते? दोन्ही खुरांनी. आता मध्ये बोलू नका.

एके दिवशी कुमुदताईंच्या मनानं घेतलं. डोंगरापलीकडे एक तळं आहे म्हणतात. त्याच्या काठी एकटीनं बसायचं आणि एक कप चहा पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायचा. इच्छा एवढीशी. पण ती आठवली की भांडी घासताना त्यांना रडू येई.

त्या टोकेकर नावाच्या सुतारपक्ष्याकडे गेल्या. त्यानं त्यांना दोन चाकांवर एक खोली बांधून दिली. आत झोपायला फळी, एक स्टोव्ह, एक खिडकी. कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या कडीत खोलीचा दांडा अडकवायचा आणि चालू लागायचं. शहरातले लोक याला कॅम्पर ट्रेलर म्हणतात. जंगलात 'मागची खोली' म्हणू लागले.

"सगळ्या फटींत डांबर भरलंय, ताई," टोकेकर म्हणाला. "पाण्याचा थेंब आत येणार नाही. फक्त मागे घेताना हिचं जरा उलटं असतं. खोली उजवीकडे न्यायची तर आपण डावीकडे सरकायचं."

"म्हणजे सासरी वागत आले तसंच," कुमुदताई म्हणाल्या.

निघताना सगळा कळप गोळा झाला.

"एकटीच?" थोरल्या जाऊबाईंनी विचारलं.

"एकटीच."

"आणि बरोबर कोण?"

"कुणी नाही."

"ते कळलं गं. पण एकटीच म्हणजे किती जणी?"

कुमुदताईंनी पट्टा आवळला. त्या चालू लागल्या. मागून खोली आली.

पहिला मुक्काम त्यांनी एका जांभळाखाली करायचा ठरवला. खोली झाडाखाली नीट लावायची म्हणजे मागे घ्यायला हवी. आता या जंगलाची एक रीत होती. कुणी काही मागे घेताना दिसलं, की हातातलं काम टाकून तिथं धावायचं आणि ओरडायचं. ओरडता येत असलं की पुरे, बाकी शिक्षणाची अट नव्हती.

गुलाबराव वानर अंगाला साबण तसाच ठेवून आले. "येऊ द्या, येऊ द्या!"

"डावीकडे घ्या हो!" भागीरथीबाई साळिंदर म्हणाल्या.

"उजवीकडे! मी सांगतो ना, उजवीकडे!" दगडोबा रानडुक्कर म्हणाला.

खोली वारुळावर चढली. वारूळ सपाट झाल्यावर गुलाबरावांनी भिंतीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "बस्स!"

मग तिघंही तिथंच बसले. "बरं झालं आम्ही होतो," गुलाबराव म्हणाले. "नाहीतर एकटीनं काय केलं असतं बाईनं!"

मदत करणाऱ्याला चहाशिवाय कसं पाठवायचं? कुमुदताईंनी आधण ठेवलं. मुंग्याही आल्या होत्या. त्यांचं घर मोडलं होतं, त्यांनाही द्यावा लागला. शेवटी स्वतःचा कप उचलला, तेव्हा तो गार झाला होता.

पुढच्या मुक्कामी तेच. त्याच्या पुढच्याही मुक्कामी तेच. गुलाबराव तर मंडळींना घेऊन मुक्कामावर आधीच जाऊन थांबू लागले.

कुमुदताई चिडल्या. चिडल्या तरी तोंडानं काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा जुना आजार. एका दुपारी सगळं जंगल जेवून घोरत असताना त्या खोली घेऊन माळावर गेल्या. डावीकडे सरकल्या, खोली उजवीकडे गेली. उजवीकडे सरकल्या, खोली डावीकडे गेली. कधी आडवी झाली, कधी काट्यात घुसली. पण ऊन उतरायच्या आत खोली दोन बाभळींच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कुमुदताई एकट्याच हसल्या. सवय नव्हती, म्हणून हसण्याआधी त्यांनी इकडेतिकडे पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, मंडळी उठायच्या आत, त्या तळ्यावर पोचल्या. काठावर खोली त्यांनी अशी लावली, की टोकेकरानं पाहिली असती तर चोच उघडीच राहिली असती. चाकांना दगड लावले. चहा केला. वाफाळता कप ओठांशी नेला.

"ताई!"

गुलाबराव धापा टाकत उभे होते. मागे भागीरथीबाई आणि दगडोबा.

"लावलीत? आम्हाला न सांगता?"

"लागली की नीट," कुमुदताई हळूच म्हणाल्या.

"नीट लागली हे कुणी ठरवलं? मागे कुणी उभं होतं का?"

"परकं केलंत आम्हाला," दगडोबा म्हणाला आणि त्यानं खरोखरच डोळे पुसले.

लगेच तिथल्या तिथे सभा भरली. कुणी 'येऊ द्या' म्हटलेलं नसल्यामुळे खोली मुळात लागलेलीच नाही, असं एकमतानं ठरलं. ती पुढे काढायची आणि रीतसर पुन्हा लावायची.

कुमुदताईंना 'नाही' म्हणता आलं असतं. पण मुलांनो, ज्यानं जन्मभर 'बरं' म्हटलंय, त्याला 'नाही' पटकन सापडत नाही. त्यांनी कप खाली ठेवला. मंडळींना चहा लागणारच, म्हणून आत स्टोव्हवर मोठ्या पातेल्यात आधण ठेवलं. दगड काढले, पट्टा बांधला, खोली पुढे ओढली आणि मागे घ्यायला लागल्या.

"येऊ द्या!"

आणि काय आश्चर्य! त्या दिवशी पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं.

"सरळ येऊ द्या! अजून येऊ द्या! भरपूर जागा आहे!"

जागा खरंच भरपूर होती. सगळं तळं होतं.

चाकं उतारावर गेली. खोली पाण्यात घसरली आणि कुमुदताईंना घेऊन गेली. त्यांनी कशीबशी कडी सोडवली आणि दारातून आत उडी मारली. गुलाबरावांनी सवयीनं थाप मारली, पण ती हवेत बसली. "बस्स!"

खोली बुडाली नाही. डांबर पक्कं होतं. वाऱ्यानं ती डुलत डुलत तळ्याच्या मध्यावर गेली.

काठावर एकच गोंधळ उडाला. "घाबरू नका ताई! इकडे येऊ द्या!" "डावीकडे!" "उजवीकडे!" दगडोबाला उत्तम पोहता येत होतं. पण तो पाण्यात गेला असता तर काठावरून सांगायला एक जण कमी पडला असता.

आत आधण उकळत होतं. कुमुदताईंनी चहा केला, गाळला आणि कप घेऊन खिडकीत बसल्या. पहिल्या घोटाला जीभ भाजली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती सुख झालं म्हणून सांगू! काठावरून हाका येत होत्या. कुमुदताईंनी ओ दिली नाही. शेवटचा घोटही गरम होता.

पातेल्यात सगळ्यांचा चहा शिल्लक होता. त्यांनी दुसरा कप ओतला.

काठावर गुलाबराव ओल्या मातीत बसून म्हणाले, "बघा, आम्ही होतो म्हणून! नाहीतर एकटी बाई तिथवर पोचली असती का?"

तात्पर्य : ज्याला खरोखर एकटं राहायचं असेल, त्यानं सगळ्यांची मदत घ्यावी. स्वतःच्या हिमतीवर फार तर काठापर्यंत जाता येतं.