टिल्लूकाका आणि मधला आवाज

टिल्लूकाका आरती म्हणत नाहीत. ते आरतीतला व्हायोला म्हणतात.

म्हणजे असं, की गणपतीत सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकमधली पाच-सहा मराठी घरं एकत्र जमतात. कुणीतरी निरांजन लावतं, सगळे आपापल्या पट्टीत सुरू करतात आणि दुसऱ्या ओळीपर्यंत कशीबशी एक पट्टी ठरते. ती ठरली रे ठरली की टिल्लूकाका डोळे मिटतात आणि चालीच्या खाली, चालीशी काहीही देणंघेणं नसलेला एक सूर धरतात. चाल वर गेली की हे खाली उतरतात. चाल खाली आली की हे जागच्या जागी घुटमळतात. बरं, माणूस बेसूर असता तर दुर्लक्ष करता आलं असतं. काका पक्के सुरात असतात आणि ठाम असतात, त्यामुळे त्यांच्या आजूबाजूची माणसं हळूहळू घसरत त्यांच्याकडे जातात. आरती संपेपर्यंत अर्धी मंडळी एका वाटेला आणि अर्धी दुसऱ्या. माझी लेक एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, अंकल सिंगिंग अनदर साँग, लाह." हल्ली आम्ही त्यांना प्रसादाच्या टेबलाशी उभं करतो. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

"चाल काय, कुणीही म्हणतं," ते मला म्हणतात. "मधला कोण धरणार, मेधा?"

काका माझे नात्याने कुणी नव्हेत. ते आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात, इतकंच. तरुणपणी पुण्याहून इथल्या बँकेत आले, इथेच रिटायर झाले. नोकरीसुद्धा बँकेच्या मिडल ऑफिसात. पुढे बसणारे सौदे करतात, मागे बसणारे नोंदी करतात आणि मध्ये बसणारा दोघांच्या चुका निस्तरतो. मी स्वतः पाया लेबारला एका कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे या खुर्चीत बसणाऱ्याला वर्षभर कुणी विचारत नाही आणि वर्षअखेरीला सगळे त्याच्याच नावाने शंख करतात, हे मला ठाऊक आहे. काकांना मात्र ती खुर्ची सिंहासनासारखी वाटायची.

आता व्हायोला. हे वाद्य व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं आणि आवाजाने थोडं जाड असतं. चौघांच्या मेळात, ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात त्यात, वर दोन व्हायोलिनं, खाली गुडघ्यांमध्ये धरायचा मोठा चेलो आणि मध्ये हा व्हायोला. काकांच्या भाषेत सांगायचं तर "वरच्या दोघी भांडतात, खालचा म्हातारा कुरकुरतो आणि मधला घर चालवतो." शंभर वर्षांपूर्वी या वाद्याला एकट्याने वाजवायची पात्रताच नाही असं लोक धरून चालत. व्हायोलिन न जमलेल्यांनी व्हायोला घ्यायचा अशी रीत. तेव्हा एक बाई तो खांद्यावर घेऊन एकटी स्टेजवर उभी राहिली.

त्या बाईंचं नाव काका घेत नाहीत. नुसतं 'बाई' म्हणतात, जसं आपल्याकडे थोर गायिकेला म्हणावं तसं. बाईंच्या जुन्या तबकड्या काकांना इथल्या एका इंग्रज म्हातारीने सिंगापूर सोडून जाताना दिल्या. शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, जड, काळ्या, हातातून पडली की बशीसारख्या फुटणाऱ्या. त्या काळी मायक्रोफोन नव्हते. एका कोंदट खोलीत भिंतीतून बाहेर आलेल्या कर्ण्यापुढे चौघांनी दाटीवाटीने बसायचं आणि वाजवायचं. व्हायोलिनचा आवाज कर्ण्यात शिरे, व्हायोलाचा वाटेतच विरे. बाई म्हणे आपली खुर्ची पुढे सरकवत सरकवत थेट कर्ण्याच्या तोंडाशी नेत. "गुडघा कर्ण्याला लागायचा त्यांचा," काका सांगतात. जणू हे स्वतः तिथे सतरंजी घालायला होते.

सिंगापूरच्या दमट हवेत तबकड्यांना बुरशी धरते. म्हणून काकांनी बेडरूममध्ये तबकड्या ठेवल्या आणि तिथला एसी कायम चालू. काका-काकू स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली झोपत. शैलाकाकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "मी घामात आणि ती सटवी गारव्यात."

एका दिवाळीला काकांनी आम्हा सगळ्यांसाठी श्रवणाचा कार्यक्रम ठेवला. तबकडी सुरू झाली आणि आधी नुसता भजी तळल्यासारखा आवाज आला. मग भज्यांच्या मागून वाद्यं. काका हात वर करून कुजबुजले, "मधला ऐका." आम्ही ऐकला. निदान ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या तबकडीपासून मंडळी एकेक करून काढता पाय घेऊ लागली. शेवटी मी एकटी उरले, कारण त्या भाड्याने घेतलेल्या हॉलची किल्ली माझ्याकडे होती. काकांना वाटलं मला गोडी लागली. तेव्हापासून दर रविवारी वर जाणं माझ्या कपाळी आलं आणि खरं सांगायचं तर तिथला शिरा चांगला असायचा.

तो शिरा काकू करायच्या आणि करताना बोलायच्या. पुण्यात शाळेत शिकवलेल्या, आवाज असा की पाचव्या मजल्यावरून ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर हाक मारली तर खाली बसलेले चिनी आजोबासुद्धा वर बघत. तबकडी चालू असताना बोलायचं नाही हा काकांचा नियम. तबकडीची एक बाजू चार मिनिटांची. तेवढा वेळ काकू तोंडात साठवून ठेवायच्या आणि काका बाजू उलटायला उठले की सोडायच्या. "अहो, गॅस संपत आलाय, तुमच्या भाच्याचा फोन आला होता, आणि तो पायजमा आता टाकून द्या." सुई परत टेकली की गप्प. सगळा संसार या दोघांनी असा बाजू उलटता उलटता केला.

मग काकांचा कान गेला. पूर्णपणे नाही, वरून. मीच त्यांना नोव्हेनाच्या दवाखान्यात तपासणीला घेऊन गेले. कान तपासणाऱ्या चिनी मुलीने पडद्यावर आलेख दाखवला. "अंकल, हाय साउंड कॅनॉट हिअर ऑरेडी. मिडल स्टिल ओके."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे व्हायोलिनं गेली आणि मधला राहिला? मेधा, मी आयुष्यभर हेच मागत होतो."

त्यांनी कानात घालायची यंत्रं घेतली, घरी येऊन तबकडी लावली आणि अर्ध्या मिनिटात उपटून काढली. यंत्रातून बाई पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारख्या वाजत होत्या. यंत्रं कपाटात गेली. कुणाचं काही अडत नव्हतं. बाई मधल्या पट्टीत होत्या आणि काकूंचा आवाज ऐकायला कुणाला यंत्र लागेल असं तेव्हा कुणी म्हटलं नसतं.

त्यानंतर काकूंना कंपवात झाला. आधी डावा हात थरथरू लागला, मग चालणं अडखळलं, मग आवाज. तो बसला नाही, आटत गेला. बोलताना त्यांना वाटे आपण नेहमीसारखंच बोलतोय, आणि बाहेर यायचा फक्त वारा. शिरा बंद झाला. एसीची खोली काकूंना मिळाली, तबकड्या हॉलमध्ये पंख्याखाली आल्या आणि काका रोज त्या कापडाने पुसू लागले.

या घरात आता एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला बोलता येत नव्हतं, म्हणून मध्ये मी. काकू माझ्या कानाशी पुटपुटायच्या आणि मी काकांकडे तोंड करून ओरडायचे. "काकू म्हणतायत, दाढी करा." "काकू म्हणतायत, डाळीत मीठ नव्हतं." "काकू म्हणतायत, दोन दिवस पोट साफ नाही." वाऱ्यासाठी दार उघडं असायचं, त्यामुळे हे सगळं कॉरिडॉरला कळायचं. शेजारची माकचिक, म्हणजे मलय मावशी, झाडांना पाणी घालता घालता मान डोलवायची. मला हसू यायचं, काकूंनाही यायचं. मूलबाळ नाही, पुण्यातली माणसं एकेक करून गेलेली, आणि नवऱ्याला डाळीची तक्रार सांगायला खालच्या मजल्यावरची बाई लागते. घरी गेल्यावर मला त्या हसण्याचंच वाईट वाटे.

एका रविवारी हॉलमध्ये तबकडी चालू होती. काका डोळे मिटून बसले होते. काकूंनी माझी ओढणी धरून मला खाली वाकवलं.

"यांना सांग," त्या म्हणाल्या, "मला भीती वाटते."

"कशाची, काकू?"

त्यांनी मान हलवली. "एवढंच सांग."

मी आजवर त्यांच्या पोटापासून पायजम्यापर्यंत सगळं ओरडून सांगितलं होतं. हे वाक्य तोंडातून निघेना. अशी गोष्ट बायको नवऱ्याला उशीशी सांगते, ती ओरडायची कशी? मी हॉलमध्ये जाऊन काकांच्या पुढ्यात नुसती उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले.

"काका, काकू म्हणतायत, त्यांना भीती वाटते."

ओरडून बोलल्यामुळे ते मी रागावल्यासारखं निघालं. बाहेर माकचिकचा पाण्याचा झारा थांबला.

काकांनी सुई उचलली. बाजू संपायच्या आत सुई उचलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. ते कपाटाशी गेले, यंत्रं काढली, आधी डावं उजव्या कानात कोंबलं, मग बदललं. खोलीत जाऊन स्टूल ओढून काकूंच्या तोंडाशी बसले.

"बोल. मला सांग. तिला कशाला सांगतेस?"

काकूंनी त्यांच्या कानातलं यंत्र बोटाने चाचपलं. मग म्हणाल्या, "दमले."

काकांना ऐकू आलं. "दमलीस ना? बरं. नंतर बोल. मी बसलोय."

त्या दिवसापासून यंत्रं सकाळी कानात जातात ती झोपतानाच निघतात. पुढच्या रविवारी मी गेले तर तबकड्यांवर चादर.

"हे काय? ऐकताना तेवढी यंत्रं काढून ठेवा की," मी म्हटलं. हिशेबनीस बाईला असलेच उपाय सुचतात.

"आणि नेमकी तेव्हाच ती काही म्हणाली तर?"

"चार मिनिटांनी परत म्हणतील."

"पूर्वी म्हणायची," काका म्हणाले. "आता तिचं एकदाच निघतं."

मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. या माणसाकडे दोनच आवाज होते. एकाने दुसऱ्याचा रस्ता अडवला होता आणि राहिलेला रोज थोडा थोडा कमी होत होता. मी त्यांना पुन्हा नोव्हेनाला नेलं. त्या मुलीने यंत्रं तपासली, जितकी वाढवता येतील तितकी वाढवली आणि मग हात मांडीवर ठेवून हळूच म्हणाली, "मशीन ओके, अंकल. आँटी टू सॉफ्ट ऑरेडी." परत येताना काका एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, दाराशीच उभे होते. यंत्रं इतकी वाढवलेली, की डब्याचं दार बंद झालं तरी दचकत होते.

तबकड्यांना पांढरी बुरशी धरली आहे. मी पुसते म्हटलं तर म्हणतात, "राहू दे." आता या घरात कुणी आपली खुर्ची बाईंसारखी पुढे सरकवत नाही, असं म्हणायला मी गेले असते, पण काका दिवसभर तेच करत असतात. स्टूल पलंगाला लागलं आहे, आणखी पुढे जायला जागा नाही.

परवाच्या रविवारी दुपारी मी वरण-भात घेऊन गेले. काकू उशीला टेकून होत्या, काका त्यांच्याकडे झुकून. काकूंचे ओठ हलले. माझे कान धड आहेत, मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते आणि मला काहीही ऐकू आलं नाही.

काका लगेच म्हणाले, "हो ना. मी आहे."

काकूंनी डोळे मिटले. चेहरा जरा सैलावला. काका डबा घ्यायला माझ्याबरोबर बाहेर आले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"कळलं नाही."

"मग तुम्ही उत्तर कशाला दिलंत?"

काकांनी डब्याचं झाकण उघडलं, वरण बघितलं, परत लावलं.

"गेल्या महिन्यापासून काहीच ऐकू येत नाही मला तिचं," ते म्हणाले. "तिला वाटतं, येतं. म्हणून मी तेवढंच म्हणतो, मी आहे. तिची नेहमीची सगळी वाक्यं त्याला लावून बघितली मी. ती काहीही म्हणाली असली, तरी ते चालतं."

आतून काही आवाज आला नव्हता. तरी ते डबा माझ्या हातात देऊन घाईघाईने आत गेले.