मयताच्या नावे दोन बोळकी

यंदा एकतीस ऑक्टोबरला सान मेलितोनच्या सर्व नागरिकांनी घाबरायचं आहे, असं नगरपालिकेच्या पर्यटन व आनंद विभागाने ठरवलं. घाबरायचं ठिकाण, चर्चसमोरचा चौक. घाबरायची वेळ, दिवेलागण. आणि घाबरताना माणसाच्या हातात काहीतरी असावं म्हणून चौकातल्या प्रत्येक पेयवाल्याने एक 'सणासुदीचं, फळांचं, टकिलायुक्त, भीतिदायक पेय' विकायचं. जो विकणार नाही त्याची जागा काढून घेतली जाईल, असं पत्रक चौकातल्या खांबावर लागलं.

हॅलोवीन आमचं नाही. आमचे मेलेले दोन नोव्हेंबरला येतात, आणि ते घाबरवायला नाही, जेवायला येतात. पण सरहद्दीपलीकडून, उत्तरेकडचे पाहुणे एकतीसलाच येतात, तोंडाला हाडं रंगवून. आणि आनंद विभागाला पाहुण्यांचाच आनंद कळतो.

आमची जागा कमानीखाली, बरोबर कारंज्यासमोर. मेना मावशी आणि क्रिस्पिन काकांनी लग्न झालं त्याच वर्षी तिथे टेबल टाकलं. काका यंदा इस्टरच्या आधी गेले. आता टेबल मावशी चालवते, आणि मी, नाबोर, फळं कापतो. त्या जागेवर नगराध्यक्षांच्या मेहुण्यांचा डोळा आहे हे कारंज्यावरच्या कबुतरांनाही माहीत आहे. तेव्हा विकायचं म्हणजे विकायचं.

मग आनंद विभागाच्या यादिरा बाई पाहणीला आल्या. आम्ही पेय देतो त्या मातीच्या बोळक्यात डोकावल्या.

"मावशी, यात हॅलोवीन कुठाय?"

"बाई, यात संत्रं आहे, पपनस आहे, लिंबू आहे, टकिला आहे, काठाला मीठ-तिखट आहे," मावशी म्हणाली. "हॅलोवीन सकाळी मंडईत आलं नव्हतं."

"गिऱ्हाईक दचकलं पाहिजे हो."

"भाव ऐकून दचकतात की."

बाई हसल्या नाहीत. आनंद विभागात हसण्याची जबाबदारी बहुतेक दुसऱ्या कुणाकडे असावी. त्यांच्या सूचनेवरून आम्ही लाल अंबाडीची बोंडं उकळून पाणी रक्तासारखं केलं. पेरूच्या फोडीत लवंग खोचून डोळा बनवला. एका बोळक्यात दोन डोळे, वर बर्फ, वर टकिला. चव झकास झाली. मी पहिलं बोळकं बनवलं तेव्हा ते डोळे माझ्याकडे असे बघायला लागले की मीच जरा बाजूला झालो. बाईंनी मान्यता दिली.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच खांबावर दुसरं पत्रक लागलं. सुव्यवस्था विभागाचं. एकतीस ऑक्टोबर ते दोन नोव्हेंबर, संपूर्ण दारूबंदी. कारण गेल्या वर्षी स्मशानात एक गृहस्थ उघड्या खड्ड्यात झोपले आणि सकाळी शिव्या देत बाहेर आले, त्यात फुलं वाहायला आलेल्या दोन बायका बेशुद्ध पडल्या. दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी. खळ एकाच डब्यातली.

मी धावत गेलो सुव्यवस्था विभागाच्या अबुंदियो साहेबांकडे. आमच्या नगरपालिकेत शिपायासकट सगळ्यांना पदवीधर म्हणून हाक मारतात. पदवी कशाची, ते विचारायचं नसतं.

"साहेब, तिकडे टकिला सक्तीची आहे."

"असेल. तो आनंद विभाग."

"आणि इकडे बंदी."

"हा सुव्यवस्था विभाग."

"मग आम्ही पाळायचं कुठलं?"

"दोन्ही. कायद्यात आवडनिवड नसते बाळा."

"टकिला विकली नाही तर जागा जाईल!"

"ती तिकडची बाब."

"आणि विकली तर?"

"टेबलाला सील लागेल. ती आमची बाब."

"दोन्ही विभाग एकदा बोलून घेतील का?"

"आओरिता," साहेब म्हणाले.

आओरिता म्हणजे आत्ताच. अगदी आत्ता. आमच्याकडे या शब्दाच्या भरवशावर पोरींची लग्नं राहिली आहेत. मी समजलो आणि घरी आलो.

मावशी वेदी मांडत होती. झेंडूची पिवळीजर्द आरास, गोड पाव, मेणबत्त्या, मध्ये काकांचा टोपीवाला फोटो, आणि फोटोपुढे काकांचं बोळकं धुऊन पालथं घातलेलं. काका मेल्यानंतरचा हा त्यांचा पहिलाच सण. दोन तारखेला ते पहिल्यांदा घरी येणार. मावशी आठवडाभर त्याच तयारीत होती. मी सगळं सांगितलं. ती झेंडू ओवत राहिली.

"नाबोर, गेल्या वर्षी माझ्या बापाच्या पुढ्यात ठेवलेली टकिला तू दुसऱ्या दिवशी चाखलीस. खोटं बोलू नकोस, मी बघितलं. कशी लागली?"

"पुळचट."

"का?"

"आजोबा अर्क पिऊन गेले म्हणून." हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मेलेला अर्क पितो, उरतो तो चोथा.

"मग अर्क गेला म्हणजे दारू गेली. दारू गेली म्हणजे बंदी गेली. आणि बोळक्यात टकिला तर आहेच." तिने दोरा दाताने तोडला. "जा, बोलाव तुझ्या पदवीधराला."

अबुंदियो साहेबांनी मुद्दा शांतपणे ऐकला. नाही म्हणणं त्यांना अवघड होतं, कारण त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर 'परंपरा हाच आमचा कायदा' असं रंगवलेलं आहे, आणि रंग अजून ओला होता.

"पण मयत खरा पाहिजे," ते म्हणाले.

"माझा नवरा आहे. तुम्हीच खांदा दिलात की."

"जड होता," साहेबांना आठवलं. "बरं, एक मयत किती पितो?"

"जिवंतपणी सहा."

"मेल्यावर तब्येतीला जपायला नको का? दोन." आणि तिथल्या तिथे नियम झाला. माणशी, म्हणजे मयताशी, दोन बोळकी. मावशीने चारचौघांसमोर हात वर करून सांगायचं की अर्क मयतानेच प्यायला. तिने सांगितलं.

एकतीसच्या संध्याकाळी आम्ही टेबलावरच छोटी वेदी मांडली, मोजायला अबुंदियो साहेब शेजारीच उभे. बोळकं आधी काकांपुढे ठेवायचं, एक प्रार्थना म्हणायची, मग गिऱ्हाईकाला द्यायचं. दोन बोळक्यांत काका भरले. मग आजोबा बसवले, मग आजी, मग मठात आयुष्य काढलेली एक चुलत आजी. तिच्या बाबतीत साहेब अडले, पण तिच्या दोन्हींत टकिला थोडी कमी घालू म्हटल्यावर मानले. रांग कारंज्याला वळसा घालून चर्चच्या पायरीपर्यंत. आणि आमचं खानदान संपलं.

"आपापला मयत घेऊन या!" मावशी ओरडली.

लोक घराकडे पळाले. भिंतीवरचे फोटो उतरवून आणले, एकाने तर खिळ्यासकट. मेलेले दोन दिवस आधीच चौकात हजर झाले. बापाच्या फोटोवरून दोन भाऊ भांडले, एक बोळकं तुझं एक माझं यावर मिटलं. एका पाहुणीने आपल्या मेलेल्या कुत्र्याचा फोटो दिला. साहेब विचारात पडले. शेवटी, आमच्याकडे मेलेल्यांना नदीपार नेतो कोण, कुत्राच ना, म्हणून त्याला एक मंजूर झालं. एक उंच पाहुणा, सगळं तोंड सांगाड्यासारखं रंगवलेला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "मीच मेलोय."

साहेबांनी त्याच्या गालावरून बोट फिरवलं. खालून गुलाबी गाल निघाला. "पुढचा!"

मग नगराध्यक्षांचे मेहुणे आले. त्यांनी कारंज्यापलीकडे टेबल टाकलं आणि ज्यांचं कुणी मेलेलं नाही त्यांच्यासाठी मयत भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यांना मयतांची कमी नव्हती. नगरपालिकेकडे आधीपासूनच चांगले ठणठणीत मयत होते, दर निवडणुकीत मतदान करून करून सवय असलेले. जे उभे राहून मत देतात त्यांना बसून पेय घ्यायला काय अडचण?

अर्क खरंच गेला का, हे तपासायचं काम साहेबांनी स्वतःकडे ठेवलं. प्रत्येक बोळक्यातला एक घोट. "शून्य!" ते ओरडायचे आणि शिट्टी वाजवायचे. काही वेळाने ते "शून्य" म्हणताना कारंज्यातल्या दगडी माशाच्या गळ्यात पडले आणि त्याला म्हणाले, "तू एकटाच प्रामाणिक आहेस रे या खात्यात." यादिरा बाई खूश होत्या. गिऱ्हाईक दचकत होतं. जागा राहिली. मावशीने मला मिठी मारली, अंगाला सगळा लिंबाचा वास.

दोन तारीख उजाडली, आपला खरा दिवस. घरच्या वेदीपासून उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. मावशीने काकांचं बोळकं सुलटं केलं. पेरूचे डोळे नाहीत, अंबाडी नाही. काकांना आवडायचं तसं साधं. संत्रं, पपनस, लिंबू, आणि टकिला सढळ हाताने. ती ओतणार इतक्यात दारात अबुंदियो साहेब. डोळे सुजलेले, टोपी उलटी.

"मेनाबाई, थांबा. क्रिस्पिनची दोन झाली."

"कधी?"

"एकतीसला. चौकात."

"अहो ती गिऱ्हाईकांनी प्यायली!"

"गिऱ्हाईकांनी उरलेलं प्यायलं. अर्क कुणी प्यायला?"

मावशीने टकिलाची बाटली खाली ठेवली.

"तुम्हीच हात वर करून सांगितलंत, क्रिस्पिनने प्यायला," साहेब हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही बरं वाटत नसावं, पण ते डोकं दुखत होतं म्हणूनही असेल. "आता म्हणालात नाही प्यायला, तर एकतीसला तुम्ही चौकात दारू विकलीत. मग सील लावावं लागेल. आणि प्यायला म्हणालात, तर त्याचा वाटा संपला. पाणी ठेवा. पाण्याला मर्यादा नाही."

"पहिल्यांदा घरी येतोय तो," मावशी म्हणाली. "पाणी ठेवू?"

"नियम तुमच्याच सोयीसाठी केलाय बाई."

मला वाटलं ती आता बोळकं त्यांच्या डोक्यात घालणार. मी बर्फाची बादली बाजूला घेतली, कारण बर्फ महाग आहे. पण ती आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात तिचाच फोटो होता, तरुणपणचा, केसांत फूल, त्याच कमानीखाली उभी. तो तिने काकांच्या फोटोला टेकवून ठेवला.

"माझ्या नावे दोन लावा."

"तुम्ही जिवंत आहात!"

"मरणार आहे ना? की त्याचीही मान्यता लागते?"

साहेबांनी दोन्ही फोटोंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तो उजेड पसरला, जो खात्यात नवीन वर्ग निघाला की पसरतो. "आगाऊ मयत," ते पुटपुटले.

"आगाऊ तर ही पहिल्यापासूनच आहे," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

"पण मेनाबाई, एक लक्षात घ्या. आगाऊ उचललंत तर तुम्ही गेल्यावर तुमच्या पुढ्यात काही ठेवता येणार नाही. कधीच. नाबोरने ठेवलं तर टेबलाला सील."

"नको ठेवू दे," मावशी म्हणाली, शेजारी दुसरं बोळकं मांडलं आणि दोन्ही काठोकाठ भरली. दोन्ही बोळकी काकांपुढे सरकवली. "पी रे. बायकोच्या वाट्याचं आहे, सांडू नकोस."

साहेबांनी टोपी काढली, सरळ करून घातली आणि गेले. तपासणीचा घोट त्यांनी घेतला नाही. त्यांच्या नोकरीत तेवढा एकच निष्काळजीपणा असावा.

पण आगाऊ मयताची कल्पना त्यांच्याबरोबर नगरपालिकेत गेली. मेलेले शेवटी मोजकेच. जिवंत पाहिजे तेवढे. सकाळपर्यंत वर्ग मंजूर झाला. दारूबंदीत गावाने इतकी टकिला आजवर कधी प्यायली नव्हती, म्हणून लोकाग्रहास्तव दारूबंदी नाताळपर्यंत वाढवली. आगाऊ मयत पुरवण्याचा ठेका मेहुण्यांना मिळाला. फोटो कुठून आणणार, असं मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "अरे येड्या, लोक स्वतःच टाकतात की फोनवर. रोज टाकतात. हसरे, नटून काढलेले, पहिल्याच नजरेत वेदीवर शोभतील असे."

परवा त्यांच्या टेबलावर तुमचाही पाहिला. तोच, ज्यात तुम्ही गॉगल लावून लांब कुठेतरी बघताय. पुढ्यात दोन बोळकी, बाजूला झेंडू, दोन पाहुणे तुमचं उरलेलं पिऊन जिभा चाटत होते. मी भांडलो हो तुमच्यासाठी. म्हटलं, अबुंदियो साहेब, हा माणूस जिवंत आहे, वाचतोबिचतो.

साहेब म्हणाले, "मयत धरण्यावर हरकत घ्यायला आठ दिवस दिले होते. खांबावर पत्रक होतं, सगळ्यांच्या फोनवरही गेलं. ह्याने बघितलं, हसला आणि पुढच्याला पाठवलं. हरकत घेतली नाही."

आणि तुमच्या फोटोखालच्या 'आगाऊ मयत' मधला 'आगाऊ' हा शब्द त्यांनी खोडला.